सातवा रकाना : एका एकांकिकेच्या कॉपीराइट नोंदणीची हकिगत

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. भावे नाट्यमंदिर चालत सात-आठ मिनिटांवर. त्यामुळे लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सबरोबर नाटकाच्या संहिता टाइप करणं हे माझं ठरलेलं काम. स्पर्धेचा हंगाम आला की रात्री अकरापर्यंत शटर अर्धं उघडं असतं. अलीकडे संहितेच्या पाठोपाठ आणखी एक काम येतं : "तेवढं कॉपीराइटचं बघा की." असे बरेच अर्ज भरून दिले. बहुतेक सरळ गेले आणि विसरायलाही झाले. हा एक लक्षात राहिला, कारण यात दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयानं फारसं अडवलं नाही. अडवलं ते अर्जातल्या एका रकान्यानं. माणसांची नावं देत नाही, एकांकिकेचंही नाही.

लेखक म्हणजे आमचे सर. माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्यांचं घर चार दिवस पाण्यात होतं. त्यातूनच ही एकांकिका आली. चाळीस मिनिटांची, चार पात्रं, सगळी माळ्यावर अडकलेली, खाली पाणी चढतंय. त्यातली आजी म्हणते, "पाणी आलंय घरात, पाहुणा नव्हं. त्याला बस म्हणू नका." या वाक्याला हमखास हशा यायचा आणि पुढच्याच क्षणी सभागृह गप्प व्हायचं. पहिला प्रयोग जानेवारी 2020 मध्ये झाला. दिग्दर्शक सरांचाच जुना विद्यार्थी, तेव्हा बाविशीचा. दोन-तीन स्पर्धा झाल्या आणि मार्चमध्ये सगळंच बंद पडलं.

2023 च्या नोव्हेंबरात दिग्दर्शकाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका हौशी मंडळाचा प्रयोग. तोच माळा, तीच आजी, तेच वाक्य. एकांकिकेचं नाव बदललेलं, आणि निवेदिकेनं लेखक म्हणून सांगितलेलं नाव भलत्याचंच.

सेन्सॉर नंबर आहे की!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर दुकानात आले. हातात प्लास्टिकची फाइल. "मालक, माझ्याकडं नंबर आहे. यांना सोडत नाही."

नंबर म्हणजे सेन्सॉरचा. महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते. त्यांचं प्रमाणपत्र आलं की नाटकवाले म्हणतात, सेन्सॉर झालं. हौशी मंडळींत निम्म्या लोकांना वाटतं की हेच कॉपीराइट. तसं नाही. ही संहिता सादर करायला हरकत नाही, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. ती कुणाच्या मालकीची आहे याच्यात मंडळ पडत नाही. तरी तो कागद फुकट गेला असं नाही, पुढं तो कामाला आला. त्याच्यावर 2019 ची तारीख होती आणि सरांचं नाव होतं.

असे आणखी दोन गैरसमज माझ्या काउंटरवर नेहमी येतात. पुस्तकाला आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट झाला, हा एक. तो पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक आहे, मालकीशी त्याचा संबंध नाही. दुसरा म्हणजे हस्तलिखित पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवायचं आणि न फोडता कपाटात ठेवायचं. पोस्टाच्या शिक्क्यानं तारखेला थोडा आधार मिळेल, पण त्याला नोंदणी म्हणत नाहीत.

मग सरांचा प्रश्न आला : "म्हणजे माझा हक्कच नाही?"

हक्क होताच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं कृती कागदावर उतरली की हक्क आपोआप तयार होतो, अर्ज करावा लागत नाही. नोंदणी नसेल तर दावाच करता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 2012 मध्ये म्हटलं होतं, त्यावरून बराच घोळ झाला. 2021 मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलाच्या दाव्यात स्पष्ट केलं की नोंदणी सक्तीची नाही. मी वकील नाही, पण एवढं दुकानात बसून पाठ झालंय.

पोलिसात जायचं का?

सरांना पोलिसात जायचं होतं. कायद्यात तशी सोय आहे आणि ती कडक आहे. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही सांगितलं. सर हे कुठंतरी वाचून आले होते आणि 'अजामीनपात्र' हा शब्द त्यांच्या तोंडात घोळत होता.

माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, सरांना त्यांच्याकडं नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता : "त्या प्रयोगाला तिकीट होतं का?"

नव्हतं. गावातल्या मंडळाचा कार्यक्रम, मांडवात सतरंज्या, सगळ्यांना मोकळा प्रवेश. आणि कलम 52 मध्ये, कशाला उल्लंघन म्हणायचं नाही याची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात हेही आहे : हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर नाटक केलं, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. गणपतीत गल्लोगल्ली परवानगीशिवाय जी नाटकं होतात, त्यातली कितीतरी या एका ओळीच्या आधारावर उभी असतात, आणि ती करणाऱ्यांना ही ओळ माहीतही नसते.

सरांचा चेहरा पडला. वकील म्हणाले, "थांबा, अजून झालं नाही. प्रयोग त्यांनी केला त्याला कदाचित मुभा मिळेल. तुमचं नाव खायला मुभा नाही."

हे कलम 57. लेखकाचा नैतिक हक्क. कॉपीराइट विकून टाकला असला तरी हा लेखकाकडंच राहतो : ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा हक्क, आणि ती मोडूनतोडून माझी अब्रू घालवली तर अडवण्याचा हक्क. वकिलांनी एक पानी पत्र तयार केलं. पैसे मागितले नाहीत. लेखकाचं नाव जाहीर करा आणि यापुढं परवानगी घ्या, एवढंच. सोबत सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. ऐकलं नाही तर दावा कुठं करायचा, हेही सांगून ठेवलं. कॉपीराइटच्या दाव्यात लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, त्यामुळं सांगलीतच; त्यांच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नव्हती.

चार दिवसांनी त्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. माणूस ओशाळला होता. त्यांच्या पोराकडं संहितेची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाकडून तरी आली होती. तिच्यावर लेखकाचं नावच नव्हतं. पहिलं पान थेट पात्रपरिचयाचं. त्यानं चार वाक्यं बदलली, नाव बदललं आणि स्वतःचं नाव घातलं. चूक त्याची होतीच. पण पहिलं पान का नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. मुखपृष्ठ मी कोरलड्रॉमध्ये वेगळं करतो आणि आतली पानं वेगळी. 2020 मध्ये दिग्दर्शकाला मेल केली ती फक्त आतल्या पानांची फाइल. ती एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत राहिली. 'सर्व हक्क लेखकाधीन, प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक' ही ओळ ज्या पानावर होती, ते पान माझ्या कॉम्प्युटरमध्येच बसून होतं.

मी सरांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला आणि म्हणाले, "नोंदणी करून टाकू. माझं पहिलं पान परत हरवायला नको."

वाद तर मिटला होता, मग नोंदणी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर कलम 48 मध्ये आहे. कॉपीराइटच्या नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की हे नाटक माझं, तर ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर जातं. सरांना जुन्या फाइली, व्हॉट्सअ‍ॅप, नटांच्या साक्षी गोळा करत फिरावं लागत नाही. कशाचं संरक्षण मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. महापुरात माळ्यावर अडकलेलं कुटुंब ही कल्पना कुणाच्याही बापाची नाही. एका नाटककारानं चित्रपटवाल्यांवर केलेल्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच सांगितलंय की कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो. ती ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीवर असतो. आपल्या भागात पूर बघितलेला प्रत्येक माणूस पुरावर नाटक लिहू शकतो. आजीचं ते वाक्य मात्र सरांचं. नुसत्या शीर्षकावरही हक्क मिळत नाही, ते 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका हिंदी चित्रपटाच्या वादात सांगितलं.

अर्ज

नोंदणीचं कार्यालय एकच, नवी दिल्लीत द्वारकेच्या बौद्धिक संपदा भवनात. अर्ज ऑनलाइन भरता येतो. नमुना 14 म्हणायचं त्याला. साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीसाठी शुल्क पाचशे रुपये, दर कृतीमागं. चित्र मालाच्या लेबलवर वापरायचं असेल तर दोन हजार, ध्वनिमुद्रणाला दोन हजार, चित्रपटाला पाच हजार. एका अर्जात एकच कृती. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. एजंट यासाठी काही हजार घेतात. काहींना ते परवडतं, सरांना परवडत नव्हतं आणि गरजही नव्हती.

शनिवारी दुपारी बसलो. सर खुर्चीवर, दिग्दर्शक झेरॉक्स मशिनला टेकून उभा. तो खरं तर व्हिडिओची मूळ फाइल द्यायला आला होता.

अर्जाला तपशिलाचं एक पत्रक जोडलेलं असतं. रकाने क्रमानं येतात. दुसरा, अर्जदाराचं नाव-पत्ता-राष्ट्रीयत्व. तिसरा, अर्जदाराचा कृतीशी संबंध काय. चौथा, कृतीचा प्रकार : नाट्यकृती. पाचवा, शीर्षक. इथं जरा अडलो. पत्रक इंग्रजीतून भरत होतो, म्हणजे मराठी नाव रोमन लिपीत लिहायचं. सेन्सॉरच्या कागदावर एक स्पेलिंग, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दुसरं, आणि सरांना तिसरंच बरोबर वाटत होतं. सरांचं घेतलं. सहावा, भाषा : मराठी.

सातवा रकाना. लेखकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व. लेखक हयात नसल्यास मृत्यूची तारीख.

मी सरांचं नाव टाइप करायला लागलो आणि थांबलो. कारण ही संहिता दोनदा टाइप केलेला माणूस मीच. माझ्या कॉम्प्युटरवर तीन फाइली होत्या : 'फायनल', 'फायनल 2' आणि 'फायनल स्पर्धा'. पहिलीत, ऑक्टोबर 2019 च्या फाइलीत, शेवटी बोट येते आणि पडदा. डिसेंबरच्या 'फायनल स्पर्धा'मध्ये बोट येते, सगळे उतरतात आणि आजी उतरत नाही. मग तिचं दीड पानाचं स्वगत. ते स्वगत माझ्याकडं आलं होतं तालमीच्या वेळापत्रकाच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून, आणि ते अक्षर सरांचं नव्हतं.

मी मशिनकडं बघितलं. पोरगा जमिनीकडं बघत होता. "सरांचंच लिहा काका," तो म्हणाला.

सर काही म्हणाले नाहीत. आणि ते काही म्हणाले नाहीत हे तिघांनाही ऐकू आलं.

नाटकवाल्यांच्या जगात याला कुणी प्रश्न समजत नाही. तालमीत वाक्यं बदलतात, नट जागा काढतात, दिग्दर्शक शेवट फिरवतो, आणि जाहिरातीत एकच नाव लागतं. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर नुसतं सुचवणारा माणूस लेखक होत नाही. 'शेवट बदलू या सर' एवढंच त्या पोरानं म्हटलं असतं तर सातव्या रकान्यात त्याचं नाव येण्याचं कारण नव्हतं. बसवणूक कितीही चांगली असो, नाटक बसवलं म्हणून दिग्दर्शकाला संहितेवर हक्क मिळत नाही. पण ज्यानं शब्द लिहिले, तो लेखक. आणि दोघांचं काम वेगळं काढून दाखवता येणार नाही इतकं एकात एक मिसळलं असेल, तर ती संयुक्त लेखकांची कृती. स्वगत वेगळं काढता येतं, असं वरवर वाटतं. पण ते आल्यावर सरांनी मागची दोन दृश्यं बदलली होती, आजीच्या तोंडी आधीपासून नवरा आणला होता, आणि स्वगतातल्याही चार ओळी स्वतः फिरवल्या होत्या. 'फायनल' आणि 'फायनल स्पर्धा' शेजारी ठेवून बघितलं तर शिवण कुठं आहे हे मलाही सांगता आलं नसतं.

मी तीन वाटा सांगितल्या. ऑक्टोबरची मूळ संहिता फक्त सरांच्या नावावर नोंदवायची. तिच्यात स्वगत नाही. किंवा पोरानं आपल्या भागाचा हक्क सरांना लेखी देऊन टाकायचा. तरी सातव्या रकान्यात त्याचं नाव राहणारच, कारण हक्क देता येतो, लेखकपण देता येत नाही. किंवा दोघांचं सरळ लिहायचं. अर्ज तसाच ठेवून दुकान बंद केलं.

मंगळवारी सर एकटे आले. "दोघांचं लिहा," म्हणाले. मग स्वतःहूनच सांगितलं, घरी विषय निघाला तेव्हा वहिनींनी एकच विचारलं होतं : टाळ्या कुठं पडत होत्या? "आता काय सांगणार? शेवटालाच पडत होत्या."

अकरावा रकाना मालकांचा : कुणाकडं कोणता हक्क आणि किती. दिग्दर्शकाला बोलावलं. तो म्हणाला, मला पैसे नकोत. मी म्हटलं, नको असतील तर तसं लिहून दे, तोंडी 'नको' दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही. शेवटी असं ठरलं की मानधन आलं तर तीन हिस्से सरांचे आणि एक त्याचा. प्रयोगाची परवानगी सरांनी द्यायची, बाराव्या रकान्यात तसा अधिकार असलेल्या व्यक्तीचं नाव लिहिता येतं. लघुपट, वेबसीरीज असलं काही आलं तर दोघांच्या सहीशिवाय नाही. हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. लेखी आणि सहीचं लागतंच, कलम 19. त्याच कलमात एक मेख आहे : हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. परवान्यालाही हेच लागू. मंडळांना परवानगीपत्र देताना बहुतेक लेखक यातलं काहीच लिहीत नाहीत. सरांनी आता छापील नमुना केलाय : कोणतं मंडळ, किती प्रयोग, कुठपर्यंत.

या सगळ्यात सरांना एक गोष्ट फार आवडली. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. लेखक दोन असतील तर जो शेवटी जाईल त्याच्यापासून साठ वर्षं मोजतात. सर सत्तावन्न, पोरगा सव्वीस. "बघ," सर त्याला म्हणाले, "तुझ्या जिवावर माझी आजी अजून तीस वर्षं जास्त जगणार." तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

बाकीचे रकाने भराभर झाले. आठवा, प्रकाशित की अप्रकाशित. पुस्तक निघालेलं नाही, म्हणून सर 'अप्रकाशित' म्हणत होते. पण कलम 3 मध्ये प्रकाशन म्हणजे प्रती काढणं किंवा कृती लोकांपर्यंत पोहोचवणं, आणि ही तर भर सभागृहात झालेली. म्हणून 'प्रकाशित', 2020, भारत. पुरवणी पत्रकात विचारतात, कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर? मूळ. आजीच्या तोंडच्या दोन जात्यावरच्या ओव्या सरांच्या आईकडून आलेल्या, त्या परंपरेच्या. त्यावर आमचा दावा नाही असं शेऱ्यात लिहिलं. सरांच्या एका सहकाऱ्यानं शंका काढली होती की शिक्षकानं लिहिलेलं शाळेच्या मालकीचं होतं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं हे खरं, पण रात्री घरी बसून लिहिलेली एकांकिका शाळेच्या कामात येत नाही. आणि एकांकिकेतल्या गाण्याला पेटीवाल्यांनी लावलेली चाल? शब्द सरांचे असले तरी चाल ही वेगळी कृती, तिचा लेखक संगीतकार, तिचा अर्ज वेगळा आणि पाचशे वेगळे. पेटीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाचशेत माझ्या पेटीची भाता-दुरुस्ती होईल." विषय संपला.

संहिता श्रीलिपी फॉन्टमध्ये होती. ती फाइल दुसऱ्याच्या मशिनवर उघडली की मराठीचे किडेमकोडे होतात, म्हणून पीडीएफच करायची. या वेळी पहिलं पान त्याच फाइलीत घातलं. शीर्षक, दोन्ही नावं, हक्काची ओळ. पाठवण्याआधी मी ते तीनदा उघडून बघितलं.

पाठवल्यानंतर

शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो. नाट्यकृती साहित्याच्या वर्गात जाते, त्यामुळं शेवटी 'एल' अक्षर येतं. अनेक जण या क्रमांकालाच नोंदणी समजतात आणि छापूनही टाकतात. तो फक्त अर्ज पोचल्याचा क्रमांक. त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं, कुणाची हरकत येते का बघायला. कृतीवर ज्याचा दावा किंवा हितसंबंध आहे त्याला अर्जदारानं आपणहून कळवायचं, असाही नियम आहे. म्हणून सरांनी त्या दुसऱ्या मंडळाला स्पीड पोस्टानं सूचना पाठवली. अध्यक्षांचा परत फोन : "अहो सर, आता कशाला?" सरांनी समजावलं की भांडण नाही, रीत आहे. हरकत आली नाही.

मग तपासणी. आणि त्रुटीचं पत्र, ज्याला लोक घाबरतात. अर्ज एकट्या सरांच्या सहीचा होता, त्यामुळं सहलेखकाचं ना-हरकत पत्र जोडलं होतं. त्या पत्रात शीर्षकाचं स्पेलिंग वेगळं पडलं होतं. तेच ते, सेन्सॉरच्या कागदावरचं. जुन्या पत्राचा मजकूर मी कॉपी-पेस्ट केला होता. उत्तराला तीस दिवसांची मुदत होती. दिग्दर्शक तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेला. नवीन पत्रावर त्याची सही येईपर्यंत अकरा दिवस गेले. अशा पत्राला वेळेत उत्तर दिलं तर बहुतेकदा काम होतं. न दिलं तर अर्ज पडतो आणि पाचशे रुपये गेले.

अर्ज केल्यापासून साधारण सात महिन्यांनी नोंदवहीचा उतारा आला. एका पानाचा. तेच सगळे रकाने, वर नोंदणी क्रमांक. मी रंगीत प्रिंट काढली आणि सरांना फोन केला. सर आले, चष्मा लावला, पहिल्या रकान्यापासून सावकाश वाचत गेले, पेपर तपासल्यासारखे. सातव्यावर बोट थांबलं.

दिग्दर्शकाच्या आडनावात 'व' आहे. त्याच्या आधार कार्डावर तो 'व्ही'नं लिहिलाय. मी सवयीनं 'डब्ल्यू' टाइप केला होता. दिल्लीनं माझी चूक जशीच्या तशी नोंदवहीत उतरवली होती.

त्याला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "राहू दे की काका, उच्चार तोच होतो."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. प्रिंटआउटवर त्या अक्षराभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'दुरुस्त करून आणा'. नोंदीतल्या तपशिलात बदल करायला नमुना 15 असतो. शुल्क दोनशे रुपये. ते मी माझ्या गल्ल्यातून भरले.